प्रॉम्प्टरची प्रत

सहा हजारांत आणला, जुनाच,
बर्डीवरच्या एका वकिलाच्या बंद पडलेल्या ऑफिसातून.
वडशापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसले,
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढा बाई.
बाजूला अजून ती चिठ्ठी चिकटलेली आहे:
कोर्टाच्या प्रती इथे ठेवणे.
मी काढली नाही.
तिथे आता नाटकं ठेवते.

ऑफिस म्हणजे मधल्या खोलीचा कोपरा.
एकीकडे धानाचे कट्टे,
दुसरीकडे आईची शिलाई मशीन, तिच्यावर स्टेपलर.
दिवाळी सरली की कंपन्या संहिता धाडतात फोनवर,
तिरप्या फोटोंत, लेखकाच्या अंगठ्यासकट.
मी टाइप करते.
नायिकेची नक्कल वेगळी, खलनायकाची वेगळी,
विनोदी नटाची सगळ्यांत पातळ,
तो म्हणतो, दोन पानं दे, बाकी मी पाहून घेतो.

आणि बाबांची प्रत, बावीस पॉइंटात.
बाबा प्रॉम्प्टर. तेहतीस हंगाम
स्टेजखालच्या खड्ड्यात बसून
दुसऱ्यांच्या तोंडात शब्द ठेवणारा माणूस.
आधी सोळात वाचायचे, मग अठरात.
मोतीबिंदूचं ऑपरेशन होळीनंतर, म्हणतात,
कोणत्या होळीनंतर ते सांगत नाहीत.

छापायला लागला की बल्ब मान खाली घालतो,
शेवंताकाकूंचा टीव्ही थरथरतो,
त्या भिंतीवर थाप मारतात: झालं का वं?
टोनर संपत आला की नळी काढून घोळवते,
सुपात तांदूळ घोळवावे तशी,
आणखी चाळीस पानं पडतात. कधी साठ.
पौषात ताज्या गठ्ठ्यावर हात शेकते.

दोन्ही बाजूंनी छापणं त्याला येत नाही.
आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटायचा, मग सम.
कसा उलटायचा, त्याचा बाण
खडूने ट्रेवर काढून ठेवला होता.

त्या रात्री लेखकाने तिसरा अंक बदलला.
नायिका आता मरत नव्हती, माहेरी परतत होती.
साडेनऊला फोटो आले,
अकराला दारात मोटारसायकल, टेकचंदचा हॉर्न,
मध्ये पाऊण तास लाइन गेलेली.
आली तेव्हा मी बाण पाहिला नाही.
गठ्ठा दिला, तो गेला, मागे धूळ.
मग एक वाया गेलेलं पान हातात घेऊन
सहज उलटलं,
आणि पोटात खड्डा पडला.
पाठची सगळी पानं डोक्यावर उभी.

बाबांचा फोन बंद. खेळ नदीपल्याड.
थंडीत वैनगंगेवरून भोंग्याचा आवाज स्वच्छ येतो.
अंगणात बसले, अंगावर गोधडी, मांडीवर संहिता,
ओळीवर बोट ठेवून ऐकत राहिले,
जणू मीच खड्ड्यात.
पहिला अंक. दुसरा. चहाची जाहिरात, हरवलेल्या पोराचं नाव.
तिसरा लागला तेव्हा अडीच झाले असतील.
नायिका म्हणाली, "आई, मी आली,"
पान संपलं,
आणि पल्याड सगळं गप्प.
ऑर्गनवालाही गप्प.
मला दिसत होते बाबा,
बॅटरीच्या उजेडात पान फिरवताना,
आधी स्वतःची मान, मग पान, मग पुन्हा मान.
कुठेतरी कुत्रं भुंकलं.
मग ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात,
"दार उघड ना वं."
आणि टाळ्या आल्या, पाण्यावरून,
थोड्या उशिरा.

सकाळी सातला बाबा आले, कानाला मफलर.
संहितेवर चिवड्याचं तेल,
एका उलट्या पानावर कोणाचा तरी पानाचा हिशोब.
पाय धुता धुता म्हणाले,
"त्या थांब्यावर बाया रडल्या बाप्पा.
पुढच्या खेपेलेही तसाच छापजो."
मी म्हटलं, मान दुखली असेल.
म्हणाले, दुखली. आणि झोपले.

दुपारी ट्रेवर बाण पुन्हा काढला, या वेळी पेंटने.
मग फाइल उघडली.
"आई, मी आली," याच्या खाली
चार ओळी मोकळ्या सोडल्या.
एक पान वाढलं.